बुरुजावरून हलवलेला हात

ब्रॅमवर्डीन गावात हेटी गिटिन्सइतकं भित्रं माणूस दुसरं झालं नाही. ही निंदा नव्हे, ती स्वतःच सांगायची. गाईला भ्यायची, एडक्याच्या शिंगांना भ्यायची, ढग गडगडले की जिन्याखालच्या अडगळीत झाडू आणि बादल्यांशेजारी जाऊन बसायची. टेलिफोन वाजला तर एप्रनला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहायची, तो बिचारा ओरडून ओरडून थकेपर्यंत. गॅसची शेगडी पेटवायची तर काडी लांब वेताला बांधून आणि तोंड भिंतीकडे करून. तिचा नवरा ईनॉक म्हणायचा, "अगं, शेगडी आहे ती. तोफ नव्हे!"

पण ही सगळी भीती किरकोळ. तिची खरी भीती निराळीच. चारचौघांत आपला आवाज चढेल, चार माना आपल्याकडे वळतील, आपल्यापायी कुणाचा तरी खोळंबा होईल, या भीतीपुढे एडका म्हणजे मांजराचं पिल्लू.

लग्नाच्या दिवशी देवळात पाद्रीबाबांनी विचारलं, हा नवरा पत्करतेस का? हेटीचे ओठ हलले, आवाज काही बाहेर आला नाही. पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ओठ हलले. मागच्या बाकावरून वॉल्टर प्रीस मोठ्यांदा म्हणाला, "पाद्रीसाहेब, ती हो म्हणतेय की वाट विचारतेय?" सगळं देऊळ हसलं. ईनॉकनं तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "म्हणाली ती. मी ऐकलं." तेवढ्यावर लग्न लागलं आणि पुढं चांगलं टिकलं.

आणखी एकदा ती श्रूजबरीहून आगगाडीनं घरी यायला निघाली. उतरायचं होतं लडलोला. डब्याच्या दारात एक दांडगा माणूस पाय पसरून झोपला होता. त्याला उठवायचं कसं? 'जरा माफ करा' म्हणण्यासाठी तिनं घसा साफ केला, तेवढ्यात लडलो मागे पडलं. बाई थेट हेरेफर्डला उतरली, तीही तो माणूस उतरला म्हणून. रात्री घरी पोचली तेव्हा ईनॉकनं गरम सूप पुढं ठेवलं आणि विचारलं, "झोप नीट झाली का त्याची?"

हा ईनॉक गावच्या पडक्या किल्ल्याचा राखणदार. सरकारी टोपी डोक्यावर, फाटकाशी लाकडी खोपट, खोपटात तिकिटांचा गठ्ठा आणि चहाची किटली. किल्ला म्हणजे तरी काय? टेकाडावर हिरवळ, हिरवळीवर वॉल्टरच्या मेंढ्या, सुकलेला खंदक, गुडघाभर उरलेल्या भिंती आणि या सगळ्यांत एकटा उभा राहिलेला उंच बुरूज. बुरुजाच्या कोपऱ्यात दगडी चक्री जिना. आत इतका अंधार की भर दुपारी माणूस भिंत चाचपत चढतो. अधूनमधून बाण सोडायला भिंतीत ठेवलेली एखादी अरुंद जंगी, तिच्यातून बोटभर उजेड. लग्नाला इतकी वर्षं होऊन हेटी त्या जिन्याच्या पहिल्या वळणापलीकडं कधी गेली नव्हती. खालून डबा द्यायची आणि मागे वळायची.

ईनॉक गेला तो पानगळीत, छातीच्या दुखण्यानं. लंडनच्या खात्यानं विधवेला पत्र धाडलं की नवऱ्याच्या जागी तुम्ही काम पाहा, नको असेल तर फोन करून कळवा. आता हेटी फोन कुठली करते! अशा रीतीनं ती किल्ल्याची राखणदार झाली. टोपी मोठी व्हायची, कानांवर यायची. वॉल्टर म्हणायचा, "हेटी, किल्ल्यावर हल्ला आला तर काय करशील गं?"

"चहा देईन," हेटी म्हणायची. तिला दुसरं काय सुचणार?

हल्ला दरसाल यायचाच, पण कावळ्यांचा. करड्या मानेचे ते छोटे कावळे वसंत लागला की बुरुजाच्या माथ्यावर, जिना जिथं संपतो त्या मोडक्या घुमटीत काटक्या आणून टाकायचे. एक काटकी, दुसरी काटकी, शंभरातल्या नव्वद घरंगळणार, तरी आणणं थांबायचं नाही. वेळेवर काढल्या नाहीत तर जिन्याचं तोंड बुजून जायचं. मग अंडी घातली की हातही लावता यायचा नाही. म्हणून ईनॉक दर साली ईस्टरच्या आधी वर चढून सगळ्या काटक्या कठड्यावरून खंदकात लोटून द्यायचा आणि पुढं वर्षभर त्यावर खोपटातली शेगडी पेटायची. आदल्या वसंतात मात्र त्याला दमच लागत होता. तेव्हा काटक्या तशाच राहिल्या होत्या. आता दोन वसंतांच्या झाल्या.

हेटीनं ते काम आज-उद्या करत ईस्टरच्या आठवड्यापर्यंत लोटलं. शेवटी एका दुपारी, वारा जोराचा होता तरी, ती निघाली. फाटकाला कुलूप लावलं नाही. आपण आत आणि किल्ली बाहेर असं काही झालं तर, ही भीती.

जिन्यात शिरताच बाहेरचा वारा बंद झाला आणि तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. एक हात भिंतीवर, दुसरा मधल्या खांबावर. भिंत ओली आणि गार, एखाद्या मोठ्या बेडकाच्या पाठीवर हात फिरवावा तशी. तिनं वर पाहायचं नाही, खाली पाहायचं नाही, असं ठरवलं होतं, पण चक्री जिन्यात वर आणि खाली सारखंच काळं असतं. तिच्या पायांचा आवाज पुढं जाऊन वरून परत यायचा, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की वरून कुणीतरी उतरतंय. "ईनॉक?" एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. मग आपणच असं बोललो म्हणून ती आणखी घाबरली.

बरीच वर आल्यावर तिनं एका पायरीवर भार दिला आणि पायरी हलली.

जास्त नाही. म्हाताऱ्यानं होकारार्थी मान डोलवावी तेवढीच. पण दगड! शेकडो वर्षांचा दगड तिच्या टाचेखाली डोलला, खांबाच्या बाजूनं चुना सरसर गळाला आणि तो खाली पडत गेल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. त्या साली थंडी फार कडाक्याची पडली होती, फटीत शिरलेलं पाणी गोठलं असणार, दगड उकलले असणार. हेटीला त्या वेळी हे कुठलं कळतंय? ती हातापायांवर झाली, मांजरासारखी वर पळाली, काटक्यांच्या ढिगावरून पोटावर सरपटली आणि उघड्यावर जाऊन पडली.

वर आभाळ आणि वारा. कावळे कर्कश ओरडत भोवती घिरट्या घालत होते. कठडा कमरेइतका, तोही दोन ठिकाणी ढासळलेला. हेटी मधोमध बसून राहिली. तिनं स्वतःला समजावलं की दम खाऊ, मग उतरू. मग पुन्हा जिन्याकडं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की उतरायचं म्हणजे त्या पायरीवर वरून पाय टाकायचा. उतरणाऱ्याचा सगळा भार पुढं असतो. ती पायरी आता नुसत्या सवयीनं तिथं टिकून होती. वर एक वाटाणा टाकला तरी पायरी जाईल, आणि तिच्याबरोबर तिच्यावर असलेलं माणूस, पार तळापर्यंत.

खालच्या कुरणात वॉल्टर प्रीस मेंढ्या हाकत होता. हेटी गुडघ्यांवर रांगत कठड्याशी गेली, डोळे अर्धे मिटले आणि हात हलवला.

वॉल्टरनं वर पाहिलं. टोपी काढली. छान लांब हात करून हलवली.

हेटीनं दोन्ही हात हलवले. वॉल्टरनं काठीही हलवली.

"वॉल्टर!" ती म्हणाली. "वॉल्टर, माफ कर हं, तुला सवड असली तर..."

वारा ते घेऊन गेला. 'वाचवा' हा शब्द तिच्या घशात येऊन बसला होता, पण तो बाहेर काढायची तिला सवय नव्हती. आजवर लागलाच नव्हता. वॉल्टरनं कुत्र्याला शीळ घातली आणि मेंढ्यांमागोमाग टेकाडापलीकडं गेला. त्याच्या डोक्यात एकच, हेटी आज खुशीत दिसते, बरं झालं, ईनॉकनंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात रस्त्यावर बस थांबली.

डडलीच्या चॅपलमधल्या वयस्कर बायकांची सहल. त्या यायच्या होत्या ईस्टरनंतर, पण ईस्टरनंतर बस मिळेना म्हणून आधीच आल्या. डोक्यांवर टोप्या, हातांत पिशव्या, पिशव्यांत अंड्याचे सँडविच आणि चहाचे थर्मास. सगळ्यांच्या पुढं मिस टिप्टन, निवृत्त शाळामास्तरीण, हातात मिटलेली छत्री. खोपटात कुणी नाही हे पाहून त्यांनी तिकिटाचे पैसे हेटीच्या बशीत ठेवले, वर कप उपडा घातला, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. आणि फाटक उघडंच होतं.

हेटीला वरून टोप्या दिसल्या. फिकट निळ्या, जांभळ्या, एक पिवळी. टोप्या हिरवळीवरून बुरुजाकडं येत होत्या. आणि मग हेटीच्या अंगात जी भीती शिरली तिच्यापुढं आतापर्यंतची सगळी भीती म्हणजे तालीम होती. आपण पडू, मरू, इतका वेळ इतकंच होतं. आता या येणार. अंधारात, हात धरून, एकीमागं एक. पुढची त्या पायरीवर पाय देणार, आणि चक्री जिन्यात एक पडली की तिच्या खालच्या सगळ्या जाणार.

ती उभी राहिली. कठड्याची भीती विसरली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवेउभे हलवायला लागली. नको! येऊ नका! मागे जा!

"अगबाई, पाहा तरी!" खालून कुणी म्हणालं. "राखणदारीणबाई वरून स्वागत करतायत!"

सगळ्या टोप्या वर झाल्या. सगळे हात वर झाले. रुमाल हलले. पिवळ्या टोपीवालीनं तर पिशवी हलवली.

हेटीनं एप्रन सोडला आणि तोच फडकवायला लागली. वाऱ्यात पांढरा एप्रन असा काही फडफडला की खालून कौतुकाचे उद्गार निघाले.

"निशाण लावलंय हो आपल्यासाठी!"

"केवढी आपुलकी! डडलीत कुणी इतकं करतं का?"

मिस टिप्टननं छत्री उंचावली. "चला बायांनो. बाई वर खोळंबल्यात. लोकांना ताटकळत ठेवणं आपल्याला शोभत नाही."

आता या देशात माणसं बुडत्या बोटीतूनही रांगेनं उतरतात, आणि रांगेत आपला नंबर दुसऱ्याला देतात. तो गुण त्या दिवशी कामाला आला. जिन्याच्या दाराशी बायका थबकल्या.

"तुम्ही आधी, मिसेस ओक्स."

"छे छे, तुम्ही. माझे गुडघे सावकाश चालतात, मागच्यांचा खोळंबा व्हायचा."

"म्हणूनच तुम्ही पुढं व्हा. मागे राहिलात तर एकट्या पडाल."

"नको, मग सगळ्यांना माझ्या चालीनं यावं लागेल."

"आम्हाला काय घाई आहे?"

दाराशी असा कितीतरी वेळ गेला. वर हेटी कठड्यावरून वाकून ऐकत होती. तिला शब्द कळत नव्हते, नुसती चिवचिव येत होती. मग चिवचिव बंद झाली आणि टोप्याही दिसेनाशा झाल्या. आत शिरल्या.

ती जिन्याच्या तोंडाशी धावली. काटक्यांच्या ढिगापलीकडून, त्या काळ्या भोकातून, धुराड्यातून यावा तसा आवाज वर येऊ लागला. बुटांची खरखर. दमलेले श्वास. कुणाचं तरी हसू. आणि सगळ्यांच्या पुढं, शाळेतल्या ठणठणीत आवाजात, "डावा हात भिंतीला लावा. पुढचीच्या पाठीवर आदळू नका."

हेटीनं ढिगावर हनुवटी टेकवून भोकात तोंड घातलं.

"माफ करा," ती म्हणाली. "कृपा करून... वर यायचा त्रास घेऊ नका."

"त्रास कसला!" खालून उत्तर आलं. "आलोच आम्ही!"

"नाही, म्हणजे... खरंच नका येऊ. माझ्यासाठी नका."

"तुमच्यासाठीच तर येतोय, बाई! इतक्या प्रेमानं बोलावलंत!"

बुटांची खरखर वाढली. हेटीच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. ती डोलणारी पायरी तिला डोळ्यांसमोर दिसत होती, खांबाला धरलेलं तिचं शेवटचं टोक, त्यावरून गळणारा चुना. मिस टिप्टनचा बूट तिच्या खाली किती होता? एक वळण? दोन? आता एखाद्या जंगीच्या उजेडात त्यांची छत्री चमकली असेल. आणि हेटी गिटिन्सच्या तोंडून 'थांबा' हा शब्द निघेना. आगगाडीत निघाला नव्हता, देवळात निघाला नव्हता, तो आता निघेल कसा?

मग तिनं जे केलं ते तोंडानं नाही, पायांनी केलं. ती ढिगामागं उताणी पडली, पाठ दगडाला टेकवली, दोन्ही पाय काटक्यांत रोवले आणि जीव खाऊन लोटलं.

दोन वसंतांचा ढीग. गच्च बसलेला, लोकर, शेण, कागद आणि मेंढ्यांच्या तारेचे तुकडे घालून कावळ्यांनी विणलेला. आधी हलेना. तिनं पुन्हा लोटलं. मग ढिगाच्या पोटात काहीतरी कडकडलं आणि तो सगळाच्या सगळा त्या भोकात गेला. काय तो आवाज! बुरूज कोसळतोय असं वाटावं. काटक्या पायऱ्यांवरून, भिंतींवरून, एकमेकींवरून आपटत, वळणावळणानं खाली निघाल्या, त्यांच्यापुढं धुळीचा लोट, आणि वर भोकाच्या तोंडाशी पालथी पडून पाहणारी हेटी.

"ई! ई! काय आहे हे?"

"माझ्या टोपीत! माझ्या टोपीत काहीतरी हलतंय!"

मिस टिप्टन कडाडली. "बाई! हे काय वागणं झालं? पाहुण्यांशी असं वागतात?"

या प्रश्नावर एरवी हेटी शरमेनं मेली असती. पण झालं असं की बाकीची भीती एवढी मोठी होती की शरमेला आत शिरायला जागाच उरली नव्हती. तिनं तोंड उघडलं आणि एवढ्या वर्षांचा साठवलेला आवाज एकदम बाहेर आला.

"खाली उतरा! पायरी मोडलीय! उतरा म्हणते ना, म्हाताऱ्यांनो, मराल! मराल सगळ्या!"

तो आवाज टेकाडापलीकडं वॉल्टरला ऐकू गेला. त्याचं कुत्रं खाली बसलं.

मग बूट मागे वळायला लागले. चक्री जिन्यात रांगेनं मागे वळणं म्हणजे काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. "तुम्ही आधी" आताही चाललंच होतं, पण ते आता कुजबुजत आणि रडवेल्या आवाजात. हेटी काळोखात कान लावून ऐकत होती. काटक्यांखाली कुठंतरी चुना पुन्हा गळत होता. सर... सर...

आणि पायरी गेली.

आधी एक जड धप्प. मग तिच्या वरची पायरी, मग तिच्याही वरची. दगड दगडावर, दगड भिंतीवर, गडगडत खाली. बुरूज हेटीच्या पोटाखाली थरथरला. कावळे एकदम उडाले. मग धूळ. मग काहीच नाही.

काहीच नाही. बूट नाहीत, आवाज नाही, रडणंही नाही. हेटीला वाटलं, मेल्या. मीच मारल्या. काटक्या लोटल्या नसत्या तर पायरी टिकली असती. माझ्या पायांनी मारल्या. तिला कठड्याशी जाऊन खाली पाहायचं होतं. ती रांगत गेली. दगडावर नखं रुतवून, एकेक हात पुढं टाकत. डोकं कठड्यावर काढायला तिला जितकी हिंमत लागली तितकी वाघाच्या पिंजऱ्यात जायलाही लागत नसेल.

खाली हिरवळ रिकामी होती.

मग दारातून एक टोपी बाहेर आली. निळी. तिच्यावर काटकी उभी. मग दुसरी. मग जांभळी. मग मिसेस ओक्स, गुडघे धरून. एकेक बाहेर येऊन गवतावर बसत होती, धुळीनं पिठासारखी पांढरी. पिवळ्या टोपीवाली आली. मग कुणी येईना. मिस टिप्टन आली नव्हती. हेटी दाराकडं बघत राहिली. पापणी लववली तर ती यायची नाही, असं तिला वाटत होतं.

दारातून आधी छत्री आली, अर्ध्यात मोडलेली. तिच्यामागं मिस टिप्टन, टोपी नाही, अंबाड्यात मेंढीची लोकर. सगळ्यांना उतरवून ती शेवटी उतरली होती, शाळेची सवय. दगड तिच्या मागच्या वळणावर काटक्यांच्या गच्च बोळ्यात येऊन अडले होते. कावळ्यांनी विणलेलं घट्ट असतं.

तिनं वर पाहिलं. कपाळावरची धूळ पुसली.

"क्षमा करा, बाई," ती म्हणाली. "मी जरा उद्धटपणे बोलले."

"नाही, नाही, माझंच चुकलं," वरून हेटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच ते खालपर्यंत ऐकू आलं. "मीच म्हाताऱ्या म्हणाले."

तोवर वॉल्टर धापा टाकत टेकाडावर आला होता. ड्रायव्हर गावात फोन करायला पळाला. आगीचा बंब लडलोहून शिडी घेऊन आला. शिडी बुरुजाला लागली, दोन जवान वर गेले, आणि मग एक नवंच संकट उभं राहिलं. हेटी शिडीवर पाय ठेवीना. डोळे मिटून कठडा मिठीत धरून बसली. "तुम्ही जा," म्हणाली, "मी बरी आहे इथं. तुमच्या घरी लोक वाट पाहत असतील." शेवटी एका जवानानं तिला पिठाच्या पोत्यासारखी खांद्यावर टाकली. सगळी शिडी उतरेपर्यंत ती त्याला सांगत होती की मी जड आहे, माफ करा, मी जड आहे.

खाली मिसेस ओक्सनं आपल्या थर्मासातला चहा तिच्या हातात दिला.

वॉल्टर समोर उभा. टोपी हातात चुरगळत होता. "हेटी, मला काय ठाऊक गं? तू हात हलवलास, मीही हलवला. आणखी काय करायचं असतं?"

"काही नाही," हेटी म्हणाली. "तू बरोबरच केलंस."

"मला वाटलं, तू खुशीत आहेस."

यावर हेटी हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मिस टिप्टननं तिला लोकर लागलेल्या छातीशी धरलं. ओळख ना पाळख! त्या भागात असं कुणी पाहिलं नव्हतं.

जिना बरेच दिवस बंद राहिला. मग त्यात नव्या पायऱ्या बसल्या, हाताला लोखंडी कठडा आला. हेटीनं राखणदारी पुढं बरीच वर्षं केली. धीट वगैरे ती अजिबात झाली नाही. टेलिफोन वाजला की तशीच उभी राहायची, गाय आली की तशीच कुंपणामागं जायची. कावळ्यांच्या काटक्या काढायला आता लंडनहून माणसं यायची, तेव्हा ती खालून त्यांना सारखी हाका मारायची, "पायाखाली बघा हं! बघा हं पायाखाली!" तेवढाच तिचा आवाज वाढला. चॅपलच्या बायका दर ईस्टरला येत राहिल्या, पण चहा खोपटातच प्यायच्या.

फरक पडला तो गावात. ब्रॅमवर्डीनमध्ये त्यानंतर बुरुजावरून कुणी हात हलवला तर खालून कुणीही उलट हात हलवत नाही. शेतातला माणूस काम टाकतो, तोंडाशी हातांचा कर्णा करतो आणि ओरडतो, "सगळं ठीक आहे ना?" वरून 'हो' ऐकू येईपर्यंत तिथून हलत नाही. बाहेरगावचे प्रवासी परत जाताना म्हणतात, किल्ला सुरेख आहे, पण गावातली माणसं फार उर्मट. साधा हात हलवत नाहीत, वर आपल्यावरच खेकसतात.

हेटी म्हातारी होऊन घरी बसली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती खिडकीशी बसली होती. ऊन छान होतं, सफरचंदाला मोहोर आला होता. पलीकडच्या उतारावर वॉल्टर मेंढ्यांत उभा दिसला, आता त्याचाही एक पाय लंगडा. हेटीला वाटलं म्हणून तिनं त्याला हात हलवला. वॉल्टरची काठी गळून पडली. तो कुंपण ओलांडून, चिखलातून, ओढ्याच्या फळीवरून, लंगडत, पडत, धडपडत निघाला, कुत्रं मागं सोडलं, मेंढ्या मोकळ्या सोडल्या, आणि दार ढकलून आत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक, छाती भात्यासारखी.

"काय झालं? हेटी! काय झालं?"

"काही नाही," हेटी म्हणाली. "नुसता हात हलवला."

वॉल्टर दाराची चौकट धरून उभा राहिला.

"असं पुन्हा करू नकोस, बाई," तो शेवटी म्हणाला. "फार भ्यालो मी."

"ठाऊक आहे मला ते कसं असतं," हेटी म्हणाली, आणि वेताला बांधलेली काडी घेऊन, तोंड भिंतीकडं करून, चहासाठी शेगडी पेटवायला गेली.